सारवलेल्या खळ्यावरची कॉफी

पौष लागला की पिंपळगाव राजाच्या बाजारात बोरं येतात. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, मधूनच एखादं लालबुंद. शाळा सुटल्यावर मी भाजी घ्यायला जाते आणि त्या लाल बोरांपाशी हमखास थबकते. टोपलीमागची बाई म्हणते, "घ्या ना मॅडम, गोड हायेत." मी पावशेर घेते. घरी नेऊन मुलांना देऊन टाकते, स्वतः एकही खात नाही. नवरा पहिल्यांदा चेष्टा करायचा, आता त्यानंही विचारणं सोडलंय.

त्या लाल रंगाचं आणि माझं काही जुनं आहे. साधारण याच आकाराची, अगदी याच रंगाची फळं एका पौषात आमच्या शेतात लगडली होती, आणि ती बोरं नव्हती. कॉफी होती. बुलडाणा जिल्ह्यात कॉफी म्हटलं की ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो. शाळेतल्या एका गुरुजींनी तर मला सांभाळून घेत विचारलं होतं, "मॅडम, कपाशी म्हणायचंय का तुम्हाला?" तेव्हापासून मी कुणाला सांगत नाही. पण सांगितलं नाही म्हणून झालेलं काही नाहीसं होत नाही. त्या हंगामाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही, आणि या संक्रांतीला तर त्याच्यावर दुसरा बसला.

कॉफी मायनं आणली. माझी माय, राजूर घाटाच्या पायथ्याच्या गावातली, सातवी शिकलेली, चहाशिवाय दुसरं काही न प्यालेली बाई. बचत गटाच्या बायांसोबत ती चिखलदऱ्याला गेली होती. आयुष्यातली पहिली सहल. बाकीच्या बाया दऱ्या बघून आल्या, धुक्यात फोटो काढून आल्या. माय एका कॉफीच्या झाडापाशी बसली ती उठेचना. माळ्याला तिनं विचारून विचारून बेजार केलं. पाणी किती लागतं, सावली किती, रोग कोणता पडतो, फळ कितव्या वर्षी. येताना एस.टी.त मांडीवर दोन रोपं. घरात पाय ठेवल्या ठेवल्या बाबांना म्हणाली, "आपल्या नाल्याकाठच्या वावरासारखीच जागा हाय तिथी. सावली तशीच. माती तशीच. फक्त आपुन येडे, तिथी सोयाबीन पेरतो."

त्या वावरात सोयाबीनचं खरंच काही खरं नव्हतं. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला नाला, वर जुने आंबे आणि जांभळं. दुपारी तीनला तिथं ऊन संपायचं. सोयाबीन नुसतं वाढायचं, शेंगा धरायचं नाही. तरी ते वावर मायचं नव्हतं. शेती सामाईक होती आणि कारभार मोठ्या बाबांच्या हातात होता. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचा ओटा आमच्या दारासमोरच.

आमच्याकडे सून थोरल्या दिराशी बोलत नाही. भांडण नसतं, मान असतो. लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती, पण माय मोठ्या बाबांशी समोरासमोर एक शब्द बोललेली नव्हती. चहा झाला की ती दाराच्या चौकटीला सांगायची, "च्या ठिवला म्हना." एकदा त्यांच्या वरणात माशी पडली, तर मायनं मांजरीला हाक मारली, "पाह्य वं, वरनात माशी पडली." मोठ्या बाबांनी मुकाट्यानं वाटी बाजूला सारली. आम्ही पोरं हसून हसून लोळलो होतो. पण त्या दोघांना त्यात हसण्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

कॉफीचं बोलणंही असंच झालं. माय दाराआड, मोठे बाबा ओट्यावर, बाबा मध्ये. मोठे बाबा म्हणाले, "चार वर्सं देतो म्हना. पयला माल इकला तर झाडं राह्यतीन. नाई इकला तर झाडं काढाची अन् पुन्हा सोयाबीन. कबूल हाय का, इचार तिले." बाबांनी विचारायच्या आधीच आतून आवाज आला, "हाव म्हना."

झालं. अडीचशे रोपं आली. आणि आमच्या घरात दोन शेत्या सुरू झाल्या, एक सगळ्यांची आणि एक मायची.

वऱ्हाडातला मे महिना ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी पाखरंसुद्धा चोच उघडून बसतात. त्या उन्हात माय प्रत्येक रोपाभोवती चार काड्या रोवून त्यांना जुनी लुगडी गुंडाळायची. स्वतःची संपली तेव्हा शेजारणींची मागून आणली. घाटातून उतरणारी माणसं मोटरसायकल थांबवून बघायची. लाल, हिरवी, जांभळी, अडीचशे बाहुल्या सावलीत उभ्या. गावातल्या बाया चिडवायच्या, "काय वं, पोरीइले नेसवून ठिवलं का?" माय म्हणायची, "हाव, पन लग्नाची घाई नाई मले." पाणी ती घागरीनं घालायची, रोपाच्या बुडाशी, हळूहळू, तान्ह्याला पाजावं तसं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी फुलं आली. संत्र्याच्या बागेला ताण देऊन मग पाणी सोडतात, ते मायनं माहेरी पाहिलेलं होतं. तेच तिनं कॉफीवर करून बघितलं. महिनाभर झाडं कोरडी ठेवली, पानं मलूल झाली, बाबा रोज म्हणायचे, "मारशीन तू झाडं." मग एके सकाळी पाणी सोडलं. आठव्या-नवव्या दिवशी मी बससाठी निघाले तर वाऱ्यावर जाईसारखा वास. वावरात जाऊन बघते तर सगळ्या फांद्या पांढऱ्याशुभ्र. तीन दिवस ती फुलं राहिली. त्या तीन दिवसांत आमच्या गावातलं एकही माणूस तिथं यायचं राहिलं नाही. मोठे बाबाही आले. बांधावर उभे राहिले, परत गेले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेले मी पाहिले.

मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, गावाहून बसने ये-जा करायचे. घरात फोनवर नीट बोलता येणारी, पुण्याच्या माणसाशी पुण्यासारखं बोलू शकणारी मीच. म्हणून गिऱ्हाईक शोधायचं काम माझ्याकडे आलं. एक गृहस्थ सापडले, लहान शेतकऱ्यांकडून कॉफी घेऊन स्वतः भाजून विकणारे. माणूस खरोखर चांगला. त्यांनी अर्धा तास फोनवर सगळं समजावलं. फक्त लाल फळ तोडा. हिरवं नको. फळं मातीवर टाकू नका. ताडपत्री नाहीतर जाळी अंथरा. दिवसातून चारदा हलवा. संध्याकाळी झाका. मी वहीत लिहून घेतलं.

पौषात तोडणी लागली. तोडायला कापूस वेचणाऱ्या बायाच आल्या, दुसऱ्या कुठून येणार? कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यातल्या झाडाला हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, दही शिंपडायचं. मग हात लावायचा. गोदाकाकू सगळ्यांत जुनी वेचणारी. ती म्हणाली, "कापूस असो का कापी असो, दह्याबिगर मी हात लावत नसते." मग कॉफीच्या झाडाला दहीभात. लाल फळांवर दह्याचे पांढरे थेंब. माय हात जोडून उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. वेचणाऱ्या बायांचे हात मात्र कापसाच्या वेगाचे, सरसर चालायचे, हिरवंही ओढायचे. माय मागून फिरायची, "हळू वं माय, हळू. लालच घे." संध्याकाळी सगळी फळं पसरून ती एकटी निवडत बसायची.

आणि वाळवायला तिनं अंगणाच्या कडेला खळं केलं.

आमच्याकडे धान्याला याहून मोठा मान नाही. ती जागा तिनं आधी चोपली, पाणी मारलं, पुन्हा चोपली. पांढरी माती कालवली. कालवडीचं शेण, तेही सकाळचं ताजं, फडक्यातून पिळून घेतलं, काडी नको म्हणून. एकदा सारवलं, वाळू दिलं. दुसऱ्यांदा सारवलं. तिसऱ्यांदा. हाताच्या बोटांचे अर्धगोल एकसारखे उमटले होते. कडेनं रांगोळीची रेघ. तळहात फिरवला तर कण लागत नव्हता. माय म्हणाली, "त्या मानसानं मातीवर नको म्हनलं ना? पाह्य, कुठी माती दिसते का."

आता मी माझं सांगते. ताडपत्रीचं मी तिला सांगितलंच नाही.

विसरले नव्हते. वहीत लिहिलेलं होतं. पण आमच्या घरी एकच ताडपत्री होती, खताच्या पोत्यांवर टाकायची, निळी, फाटकी, औषधांचा दर्प मारणारी. तिच्यावर मायची कॉफी? आणि इथं ही गुडघ्यांवर बसून सारवतेय. माझ्या मनात एवढंच आलं, मातीवर नको म्हणाले ना, मग सारवल्यावर माती उरतेच कुठं? मी ते वाक्य गिळलं. वर शहाणपणा असा, की पसरलेल्या फळांचा फोटो काढून त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "सुंदर!" फोटोत शेण थोडंच दिसतं, गुळगुळीत तपकिरी जमीन दिसते. त्यांना ती फरशी वाटली असेल.

तीन आठवडे ती फळं त्या खळ्यावर वाळली. लाल होती ती काळपट झाली, मग खुळखुळू लागली. माय एक उचलून कानाशी हलवायची आणि हसायची.

ते गृहस्थ आले त्या सकाळी अंगणात खुर्ची मांडली होती. मोठे बाबा त्यांच्या ओट्यावरून उठून आमच्या अंगणात येऊन बसले. पाहुण्यांनी पिशवीतून सामान काढलं. साल काढायची छोटी चक्की, छोटी कढई, गॅसची शेगडी. बिया भाजल्या, दळल्या, तीन काचेच्या पेल्यांत घातल्या, वरून कढत पाणी ओतलं. वास सुटला. मला तो फार आवडला. माय दाराच्या चौकटीत उभी होती, पदर डोक्यावर, आणि तिचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव घेत होती.

त्यांनी चमच्यानं घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बाजूला थुंकला.

आमच्या अंगणात कधी कुणी अन्न थुंकलं नव्हतं. आम्हाला काय माहीत की चाखायची रीतच ती आहे. मायनं पदर तोंडाशी धरला. त्यांनी दुसरा पेला घेतला, तिसरा घेतला. मग चमचा खाली ठेवून विचारलं, "ताई, ही वाळवली कुठं?"

मायला वाटलं, आता कौतुक होणार. बाबांकडे बघून ती म्हणाली, "दाखवा ना त्याइले." सगळे खळ्यापाशी गेले. पाहुणे खाली बसले, जमिनीवर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली.

"हे शेण आहे का?"

"हाव," बाबा म्हणाले. "कालवडीचं. तीन डाव सारवलं."

"वास लागलाय हो," ते अगदी हळू म्हणाले. "फळ ओलं असताना सगळं ओढून घेतं. शेणाचा वास आत शिरलाय. तो आता धुऊन, भाजून, कशानंच जाणार नाही. मला ही घेता येणार नाही."

माय चौकटीतून मोठ्यांदा बोलली, कुणाला उद्देशून नाही, "शेनाचा वास? शेनाले कुठी वास असते का?"

बाबांनी पेला उचलून हुंगला. त्यांना काही आलं नाही. मी हुंगला. मला कॉफीचा आला, दुसरा कुठलाच आला नाही. गोदाकाकू आली होती, तिनं हुंगला. मोठ्या बाबांनी हुंगला, मग एक घोट प्याले आणि म्हणाले, "चांगली तर हाय." एका परक्या माणसाला जे पहिल्या घोटात कळलं ते आम्हा कुणालाच कळेना. त्या क्षणी मला जे वाटलं ते शब्दांत कसं सांगू? आपलं नाकच आपलं नाही असं वाटलं. ज्या वासात आपण जन्मलो, रांगलो, सण केले, तो वास आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं.

मग पाहुणे माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मॅडम, मी ताडपत्रीचं बोललो होतो ना तुमच्याशी?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. बाबांचं. मोठ्या बाबांचं. मी बोलणार होते, देवाशपथ बोलणार होते.

तेवढ्यात माय चौकट ओलांडून अंगणात आली. सरळ मोठ्या बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावर, नजर त्यांच्या पायांशी. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"पोरीनं सांगतलं होतं भाऊजी. मीच आयकलं नाई."

मोठे बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मी खाली बघितलं. मग ते उठले, बाबांना म्हणाले, "सांगूनसनी आयकलं नाई म्हनते. मंग काय इलाज हाय." आणि चपला घालून निघून गेले.

पाहुणे पुढच्या वर्षीचं सांगत होते, जाळीचे माचे करा, कंबरेएवढे उंच, मी पुन्हा येतो. त्यांना काय ठाऊक, आमच्याकडे पुढचं वर्ष नव्हतं. तेवढंच कबूल झालेलं होतं.

मग झाडं निघाली. ट्रॅक्टरला साखळी बांधून एकेक ओढलं. चार वर्षांची झाडं, पानं तेल लावल्यासारखी चकाकणारी. माय शेतात आली नाही. ती घरी भाकरी थापत होती, खाणारे चार आणि भाकरी वीस झाल्या तरी थापतच होती. वाळलेल्या कॉफीची पोती तिनं स्वतः उकिरड्यावर रिकामी केली. मला एका शब्दानं बोलली नाही. कधीच नाही. सोयाबीन पेरलं त्या पावसाळ्यात तिच्यासोबत निंदायलाही गेले, तर म्हणाली, "ऊन लागीन, रुमाल बांध."

मी गप्प का राहिले? मनाशी एक कारण मी तयार ठेवलं होतं आणि वर्षानुवर्षं त्याला धरून राहिले. मी खरं बोलले तर माय खोटी पडेल. सव्वीस वर्षांनी थोरल्या दिराशी बोलली आणि ते खोटं बोलली, असं होईल. कारण चांगलं होतं. मलाही ते पटायचं, दिवसा तरी. वर्गात पोरांना खरं बोलण्याचा धडा शिकवताना मात्र मी पुस्तकातून मान वर काढत नसे.

मग माझं लग्न झालं, पिंपळगावला आले. माय आता थकली आहे, पण बरी आहे. त्या वावरात यंदा हरभरा आहे.

या संक्रांतीला गावी गेले. मोठे बाबा ओट्यावर उन्हात बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेत, डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखतात. मी तिळगूळ हातावर ठेवला, पाया पडले, आणि काय झालं कोण जाणे, तिथंच खाली बसून सगळं सांगून टाकलं. वहीतली ताडपत्री, गिळलेलं वाक्य, मायचं खोटं. शेवटी म्हटलं, "तिची काही चूक नव्हती मोठे बाबा. तिला माहीतच नव्हतं. तेव्हा कळलं असतं तर तुम्ही एखादं वर्ष दिलं असतं."

ते तिळगूळ चघळत राहिले. मग म्हणाले, "मले तवाच समजलं होतं, बाई."

"कसं काय?" मी विचारलं.

"जी बाई रोपाइले लुगडी नेसवते, ती सांगतलेलं आयकनार नाई? तुनं सांगतलं असतं तर तिनं अंगावरचं लुगडं अंथरलं असतं खाली."

"मग झाडं काऊन काढली?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून गावचा शब्द आपोआप निघाला.

"सव्वीस वर्सांनी ती माह्याशी बोलली. चार मानसात. तिचा पयला शब्द मी खोटा पाडू का?" त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, उन्हानं असतील. "पन तू बोलू शकत होती. ट्रॅक्टर तर दुसऱ्याच दिवशी आला होता. आठ दिवस मी त्याले वावरात जाऊ देल्ला नाई. रोज सकायी इथीच बसून राह्यलो. म्हनलं, आता येईन पोरगी. आता सांगीन."

त्या आठही दिवशी सकाळची बस धरायला मी याच ओट्यासमोरून गेले होते. रोज ते विचारायचे, "चालली का बाई?" आणि मी रोज म्हणायचे, "हाव, मोठे बाबा."